बारा फोटोंचा रोल परवडायला हवा
आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा सरकताना दिसला की बोट आपोआप सावध होतं. त्यातल्या १२० मापाच्या रोलवर सहा बाय सहाचे बाराच फोटो निघतात. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना चालू होता तेव्हा ‘इंदू’ हा देशी रोल तरी होता. आता सगळी मदार आयातीवर. म्हणून महागड्या नावांमागे न लागता झेक प्रजासत्ताकातला फोमापॅन १०० किंवा इंग्लंडचा केंटमिअर ४०० हा कृष्णधवल रोल घ्यावा, आणि घरीच धुवावा. कृष्णधवल धुलाईला अंधारी खोली लागत नाही. रोल धुलाईच्या टाकीत भरण्यापुरता काळोख पुरतो. कला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांसाठी असे रोल एकत्र, घाऊक मागवावेत.