विश्लेषण : हात हलवण्याचा नुसता विचार यंत्राला कसा कळतो?

अर्धांगवायूने हात लुळा पडलेल्या रुग्णाने मनातल्या मनात मूठ वळायची आणि हाताला बांधलेल्या यंत्राने ती खरोखर वळवून द्यायची. कानपूरच्या आयआयटीने विकसित केलेल्या अशा यंत्राची माहिती २०२५ मध्ये जाहीर झाली. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील रुग्णांना त्याचा कितपत उपयोग होईल?

मेंदूत काय बदलते?

हात स्थिर असताना मेंदूतील हालचालींशी संबंधित भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची एक लय असते. हात हलवला की ती क्षीण होते. विशेष म्हणजे, हालचालीची नुसती कल्पना केली तरी हेच घडते. उजव्या हाताची कल्पना केल्यास हा फरक मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला दिसतो, तर डाव्या हाताची केल्यास उजव्या बाजूला. डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड हा बदल टिपतात.

मग अडचण कुठे आहे?

कवटीतून बाहेर येईपर्यंत हे संकेत अतिशय दुबळे होतात. त्यात पापण्यांची उघडझाप, जबड्याचे स्नायू आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गोंगाट मिसळतो. संगणक आधी हा गोंगाट गाळतो, मग सरावाच्या नोंदींवरून ‘डावा की उजवा’ असे वर्गीकरण करतो. मात्र प्रत्येकाचे संकेत वेगळे असतात. एकाच व्यक्तीचेही ते रोज सारखे नसतात, त्यामुळे यंत्राला पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

अचूकतेचे आकडे कसे वाचावेत?

दोनच पर्याय असतील तर नाणे उडवूनही ५० टक्के उत्तरे बरोबर येतात, चार पर्याय असतील तर २५ टक्के. त्यामुळे ‘६० टक्के अचूक’ हा दावा पहिल्या बाबतीत किरकोळ आणि दुसऱ्या बाबतीत बरा ठरतो. चाचणी कोणावर झाली, हेही पाहावे. झटक्याने इजा झालेल्या मेंदूचे संकेत निरोगी माणसासारखे असतीलच असे नाही. कानपूरच्या यंत्राची प्राथमिक चाचणी ८ रुग्णांवर झाली, त्यात ४ भारतातले आणि ४ ब्रिटनमधले होते. निष्कर्ष आशादायक असले तरी ही संख्या छोटी आहे.

यवतमाळसाठी याचा अर्थ काय?

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. हा उपचार म्हणजे एकदा घ्यायचे इंजेक्शन नव्हे, तो नेमाने करायचा व्यायाम आहे. झरी जामणीच्या रुग्णाला त्यासाठी दरवेळी नागपूर गाठावे लागले, तर मजुरी बुडेल आणि व्यायामही सुटेल. म्हणून खरी कसोटी प्रयोगशाळेतल्या टक्केवारीपुरती नाही. तालुक्याच्या रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टला हे यंत्र थोड्या वेळात लावता येईल का, हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे.

तोवर जुनेच उपाय महत्त्वाचे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णांना साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये.