वॅट छापले, ओहमचे काय?

गेल्या काही महिन्यांतल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत आली आहे. स्वस्तातल्या बुकशेल्फ स्पीकरचे मागचे पॅनेल उघडले, ट्वीटरच्या वायरीत गरम गोंदाने चिकटवलेला एकुलता एक नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निघाला, वूफर तर सरळ टर्मिनलला जोडलेला. मग बाजारातून '२०० वॅट टू-वे' असा शिक्का असलेला तयार क्रॉसओव्हर बोर्ड आणून बसवला आणि आवाज सुधारण्याऐवजी बिघडला. गाणाऱ्या बाईचा स्वर नाकातून येऊ लागला, झांज कानाला टोचू लागली, तबल्याचा डग्गा आणखी पातळ झाला. बोर्ड खराब की ड्रायव्हर, असा प्रश्न वाचक विचारतात. आमच्या मते बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. त्यांची गाठ ज्या आकड्यांवरून घालायची ते आकडे बोर्डवाला सांगत नाही, स्पीकरवाला सांगत नाही आणि आपणही मोजत नाही.

हिशेब करून पाहू. ८ ओहम आणि ३००० हर्ट्झ धरून सेकंड ऑर्डर लिंक्विट्झ-रायली फिल्टर काढला तर पुस्तकी सूत्राने ०.८५ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो. बाजारातले बरेचसे बोर्ड अशाच कुठल्यातरी सूत्रावर बेतलेले असतात. पण '८ ओहम' छापलेला वूफर ३००० हर्ट्झला ८ ओहमचा उरतच नाही. व्हॉइस कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ६.२ ओहम आणि इंडक्टन्स ०.६ मिलिहेन्री धरला, तर त्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इम्पीडन्स १३ ओहमच्या घरात जातो. मग जिथे वूफर ६ डेसिबलने खाली यायला हवा तिथे तो जेमतेम २ डेसिबल उतरतो आणि ट्वीटरच्या प्रांतात घुसून राहतो. नाकातला स्वर येतो तो इथून. याला उतारा महागडा नाही. साडेसात-आठ ओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये घेऊन वूफरला समांतर जोडला, म्हणजे झोबेल लावला, की इम्पीडन्सची चढण बरीच सपाट होते. पण हे आकडे त्या एका वूफरचे आहेत. तुमच्या वूफरचे वेगळे असतील, आणि ते छापील मजकुरावरून कळणार नाहीत.

डग्गा पातळ होण्याचे कारण आणखी वेगळे. २० सेंटिमीटर रुंद बॅफलच्या खोक्यात साधारण पावणेसहाशे हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज खोक्याला वळसा घालून मागे पसरू लागतो आणि समोर बसलेल्याच्या वाट्याला कमी येतो. हा बॅफल स्टेप भरून काढायचा तर वूफरची कॉइल सूत्रापेक्षा बरीच मोठी घ्यावी लागते आणि ट्वीटरला एल-पॅड लावून खाली आणावे लागते. तयार बोर्डाला तुमच्या बॅफलची रुंदी ठाऊक असण्याचा संबंधच नाही. त्यात अनेक बोर्डांवर दोन्ही कॉइली एकमेकींना खेटून, एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या असतात. एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत उतरते आणि फिल्टर कागदावर होता तसा राहत नाही. कॉइली लांब ठेवून एकमेकींशी काटकोनात बसवायला जास्तीचा एक पैसाही लागत नाही. तरीही ते होत नाही, कारण आपण गिऱ्हाईक म्हणून ते मागत नाही.

आता नियमांकडे पाहा. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम २०११ प्रमाणे खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि आत किती नग आहेत हे छापणे सक्तीचे आहे. म्हणजे आत स्पीकरची एक जोडी आहे, हे उघड्या डोळ्यांना दिसणारे सत्य न छापणे गुन्हा. पण त्या जोडीचा इम्पीडन्स कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती खाली जातो, सेन्सिटिव्हिटी किती, क्रॉसओव्हर कुठे आहे, यातले काहीही न छापता उलट 'पीएमपीओ'चे हजारो वॅट मिरवले तरी हरकत नाही. पीएमपीओ मोजण्याची कुठलीही मान्य पद्धत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२६८-५ साफ सांगते की रेटेड इम्पीडन्सच्या ८० टक्क्यांखाली प्रत्यक्ष इम्पीडन्स जाता कामा नये. म्हणजे ८ ओहम छापायचे असतील तर ६.४ च्या खाली उतरायचे नाही. हा एवढा एक आकडा खोक्यावर सक्तीचा केला तर किती अॅम्प्लिफायर जळायचे वाचतील! केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र नावानिशी घेतले. दुरुस्तीचा हक्क म्हणजे ग्राहक सेवेचा फोन नंबर नव्हे. स्पीकरच्या बाबतीत तो हक्क म्हणजे क्रॉसओव्हरची सर्किट आकृती आणि ड्रायव्हरचे थील-स्मॉल आकडे. ही मागणी अधिकाऱ्यांपुढे कोणी नीट मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही, आणि त्यात आपलीही कसूर आहे.

कसूर इथेच थांबत नाही. आपल्यातले कितीतरी जण मूळ फिल्टर तसाच ठेवून नुसता कपॅसिटर बदलतात. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी महागडा पॉलिप्रॉपिलीन लावला की पडदा दूर झाला असे लिहितात. जुना इलेक्ट्रोलिटिक वाळला असेल, त्याचे मूल्य सरकले असेल, तर बदल जरूर करावा. पण ३.३ च्या जागी तेवढ्याच मूल्याचा फिल्म कपॅसिटर लावल्यावर मुख्य फरक पडतो तो अंतर्गत रेझिस्टन्स कमी झाल्याचा. ट्वीटर किंचित वर येतो, आणि तो किंचित वाढलेला आवाजच आपण सुधारणा समजतो. आधीच टोचणाऱ्या स्पीकरवर हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या पैशात एक ब्रँडेड कपॅसिटर येतो त्यात झोबेल, एल-पॅड आणि मोठी कॉइल असे सगळे बसते.

यावर आक्षेप येतात आणि ते अगदीच पोकळ नाहीत. कान हाच खरा मीटर, असे जुने कारागीर म्हणतात. शेवटचा निवाडा कानाचाच, हे मान्य. पण ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करून घेतलेल्या ग्राफमध्ये क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडला की दोन ड्रायव्हर तिथे फेजमध्ये जुळले आहेत हे कळते, आणि ती खात्री कान इतक्या स्वच्छपणे देत नाही. दुसरा आक्षेप असा की स्वस्त स्पीकरवर एवढी मेहनत कशाला. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए बनवला तो केईएफचे बाजारात मिळणारे बी११० आणि टी२७ ड्रायव्हर घेऊन. वूफरच्या मध्य पट्ट्यातला फुगवटा त्यांनी क्रॉसओव्हरमध्येच दाबला आणि ट्वीटरची पातळी टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरने जुळवली. त्या छोट्या खोक्याची कीर्ती मुख्यतः या फिल्टरवर उभी आहे. साध्या कागदी वूफरमधून तेवढे निघणार नाही, पण जे आहे ते पूर्ण निघेल. तिसरा आक्षेप डीएसपीचा. दोन-दोन अॅम्प्लिफायर आणि डीएसपी बोर्ड लावून सगळे सॉफ्टवेअरने करता येते, हे खरे. पण न मोजता फिरवलेला डीएसपी बाजारच्या बोर्डाइतकाच आंधळा असतो.

मोजायला लागते तरी काय? आरईडब्ल्यू हा प्रोग्रॅम मोफत आहे. लॅपटॉप, साउंड कार्ड आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर यांवर इम्पीडन्सचा ग्राफ निघतो. मिळालेले ग्राफ व्हिटुइक्सकॅडमध्ये टाकून फिल्टर बेतता येतो, तोही मोफत. खर्च येतो तो कॅलिब्रेटेड मायक्रोफोनचा, आणि चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो. कॉइलींसाठी तर कोल्हापूरकराला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे पाहायची गरज नाही. उद्यमनगरात पॅटर्न करणारे आणि मोटार रिवाइंडिंगवाले शेजारीशेजारी आहेत. लाकडी किंवा नायलॉनचा फॉर्मर कातून घ्या, एक मिलिमीटर जाडीची इनॅमल तार घ्या, हिशेबापेक्षा दहा-पंधरा वेढे जास्त मारा आणि एलसीआर मीटर लावून हवे ते मूल्य येईपर्यंत एकेक वेढा उलगडा. ०.८५ मिलिहेन्रीची एअर-कोअर कॉइल अर्ध्या ओहमच्या आत बसते आणि स्वस्त फेराइटसारखी मोठ्या आवाजाला सॅच्युरेट होत नाही. याच गावात बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्याच दामल्यांनी पुढे प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातच बोलू लागला. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती उभारणारे कुशल हात आजही इथे आहेत. त्यांच्याकडून छोट्या खोक्यातल्या नेमक्या आवाजाची अपेक्षा करणे जास्त होत नाही.

तेव्हा 'बास कमी आहे, काय करू' एवढेच लिहिलेली पत्रे आता पाठवू नका, त्यांना उत्तर देता येत नाही. फिल्टरमध्ये बदल करण्याआधी दोन्ही ड्रायव्हरचा इम्पीडन्स ग्राफ काढा. बॅफलची रुंदी, उंची, खोक्याच्या आतली मापे, पोर्ट असेल तर त्याची लांबी आणि व्यास, मूळ फिल्टरमधल्या प्रत्येक भागाचे मोजलेले मूल्य लिहा. ड्रायव्हरच्या चुंबकावर काही क्रमांक असेल तर तोही. शक्य असेल तर समोर एक मीटरवरून घेतलेला प्रत्येक ड्रायव्हरचा स्वतंत्र प्रतिसाद जोडा. बाजारात मिळणाऱ्या ड्रायव्हरची अशी नोंदवही या मासिकात क्रमाक्रमाने छापायची आमची तयारी आहे, आणि वैधमापन खात्याकडे व ग्राहक व्यवहार विभागाकडे जाताना हीच पाने हातात घेऊन जाता येईल. पहिले ग्राफ याच महिन्यात पाठवा. अर्धवट असले तरी चालतील, पण मोजलेले असू द्या.