सोलापूरचे रसायन आणि पोहांगचा धडा

मधुमेहावरील मेटफॉर्मिनची गोळी आज घरोघरी परिचित आहे. तिच्या निर्मितीस लागणारे डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड हे रसायन बालाजी अमाइन्स हा १९८८ साली स्थापन झालेला सोलापूरचा उद्योग तयार करतो. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावलेल्या या नगरीस ही गोष्ट भूषणावह आहे. तथापि औषधाचा कच्चा माल पुरविणे निराळे आणि औषधाचा शोध लावणे निराळे. हे अंतर किती मोठे आहे, याची जाणीव दक्षिण कोरियातील एक संशोधन करून देते.

इन्शुलिन या संप्रेरकास आपले कार्य करण्यासाठी पेशीच्या आत शिरावे लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूस ते बिलगते, ग्राहीचा आकार पालटतो आणि पेशीच्या आत संदेश जातो. त्यातील एक संदेश रक्तातील साखर आत घेण्याचा असतो, तर दुसरा पेशींच्या वाढीचा. इन्शुलिन हे दोन्ही संदेश देते.

पोहांग येथील विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली असे दाखवून दिले, की प्रयोगशाळेत घडविलेला डीएनएचा एक छोटा धागाही या ग्राहीस जागे करू शकतो. अशा धाग्यांना ‘अ‍ॅप्टामर’ म्हणतात. येथे डीएनए आनुवंशिकतेचा वाहक नसतो. त्याची विशिष्ट घडीच उपयोगी पडते. हा धागा इन्शुलिनच्या जागी न बसता ग्राहीच्या दुसऱ्याच ठिकाणी बसतो. विशेष म्हणजे तो साखर आत घेण्याचा संदेश प्रबळपणे देतो, पेशीवाढीचा मात्र जवळजवळ देत नाही. असे धागे ग्राहीस नेमके कोणत्या आकारात धरून ठेवतात, हे २०२२ साली प्रत्यक्ष चित्रित झाले.

हे अद्याप औषध नव्हे. रक्तातील विकरे डीएनएचे लवकर तुकडे करतात आणि छोटे रेणू मूत्रपिंडावाटे निघून जातात. त्यामुळे कोणा रुग्णाने आपले इन्शुलिन थांबविण्याचे कारण नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. आजचे इन्शुलिन जिवाणू वा यीस्टकडून करवून घ्यावे लागते. डीएनएचा धागा मात्र एकेक दुवा जोडत निव्वळ रसायनशास्त्राने विणता येतो. रसायने आणि विणकाम या दोहोंशी सोलापूरचे नाते नव्याने सांगावयास नको.

पोहांग हे काही प्राचीन विद्यापीठ नव्हे. ते पोलादाचे गाव. तेथील पोलाद कंपनीनेच १९८६ साली हे विद्यापीठ उभारले. उद्योगाने ज्ञानात गुंतवणूक केली आणि तीस वर्षांच्या आतच जगाने दखल घ्यावी असे संशोधन त्या गावातून बाहेर पडले. सोलापूरची लोकसंख्या पोहांगहून अधिक आहे. २००४ पासून येथे स्वतंत्र विद्यापीठ आहे, रसायनउद्योग आहे. उणीव आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या सेतूची.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या दुखण्याचे उत्तर आपण कायम इतरांकडून विकत घ्यावे काय? रसायनशास्त्राने पहिले कृत्रिम जनुक घडविणारे डॉ. हरगोविंद खोराना भारताचेच सुपुत्र. शिक्षण पूर्ण करून ते मायदेशी परतले होते, परंतु येथे योग्य काम न मिळाल्याने पुन्हा परदेशी गेले आणि १९६८ चे नोबेल पारितोषिक अमेरिकेत राहून मिळविले. बुद्धीची वाण येथे तेव्हाही नव्हती, आजही नाही. वाण होती ती आश्रयाची.

स्वावलंबन म्हणजे केवळ देशात कारखाने काढणे नव्हे; कारखान्यात काय घडवावे, हे ठरविणारे ज्ञानही आपले असणे होय. सोलापूरच्या उद्योजकांनी आपल्या नफ्यातील काही वाटा येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळांना दिला आणि विद्यापीठाने तो केवळ इमारतींवर न खर्चिता संशोधकांवर खर्चिला, तर पोहांगने जे साधले ते सोलापूरला असाध्य नाही.