अप्रिय कामांतील भाग आणि शेतकऱ्याचें भांडवल

शेतकऱ्याच्या हातीं मोठी रोख रक्कम क्वचितच येते, आणि आली तर ती बहुधा जमीन गेल्यावर येते. समृद्धि महामार्गासाठीं आपल्या जिल्ह्यांतील सेलू, आर्वी वगैरे तालुक्यांतून जमिनी दिल्या गेल्या, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं अशी रक्कम प्रथमच पाहिली. अशा वेळीं घरांतील शिकलेलीं मुलें वडिलांस कंपन्यांचे भाग, म्हणजे शेअर, घेण्याचा सल्ला देतात. आणि रस्ते, धरणें व वीजघरें बांधणाऱ्या कंपन्यांचीं नांवें त्या सल्ल्यांत हटकून असतात. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, ज्या कामास ठिकठिकाणचे शेतकरी विरोध करीत आहेत, त्याच कामावर नफा मिळविणाऱ्या कंपनीचा भाग शेतकऱ्यानें घ्यावा काय?

हा प्रश्न दूरचा नाहीं. नियोजित शक्तिपीठ महामार्गाचा आरंभ आपल्या पवनारासच धरलेला आहे. तेथून गोव्याच्या सरहद्दीवरील पत्रादेवीपर्यंत सुमारें ८०२ किलोमीटर लांबीच्या ह्या रस्त्यास राज्य मंत्रिमंडळानें २४ जून २०२५ रोजीं मंजुरी दिली, आणि भूसंपादन व पूर्वतयारीसाठीं २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. कोल्हापुराकडील शेतकऱ्यांनीं त्यास केलेला विरोध सर्वश्रुत आहे. रस्ता हातीं घेणारें रस्ते विकास महामंडळ सरकारी आहे. त्याचे भाग बाजारांत मिळत नाहींत. मिळतात ते ठेका घेणाऱ्या कंपन्यांचे आणि त्यांस कर्ज देणाऱ्या बँकांचे.

पैशास रंग नसतो, नफा दिसेल तेथें तो लावावा, असें एक पक्ष म्हणतो. असा पैसा घरांत आणणें हेंच पाप, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. प्रथम भाग म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे.

बँकेंत ठेव ठेवणारा हा केवळ सावकार होय. भाग घेणारा हा मालक होय, मग त्याची मालकी तिळाएवढी कां असेना. परंतु भाग विकत घेतला म्हणजे आपला पैसा कंपनीच्या कामास लागला असें मात्र नेहमीं होत नाहीं. बाजारांतील जुना भाग घेतला तर पैसा विकणाऱ्यास मिळतो, कंपनीस एक पैही मिळत नाहीं. नव्या भागविक्रींतही तेंच पाहावें लागतें. आपल्या जिल्ह्यांतील समृद्धि महामार्गाचा सुमारें ५८ किलोमीटरांचा टप्पा बांधणाऱ्या अॅफकॉन्स कंपनीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें लोकांस भाग विकले. एकूण विक्री ५,४३० कोटींची होती. त्यांपैकीं कंपनीच्या हातीं जावयाचे १,२५० कोटी, आणि उरलेले ४,१८० कोटी भाग काढून टाकणाऱ्या जुन्या मालकाचे. ह्यांत गैर कांहीं नाहीं. सर्व माहितीपत्रांत छापलेलें होतें. परंतु आपण कंपनीस बळ देत आहों कीं जुन्या मालकास वाट करून देत आहों, हें घेणाऱ्यास ठाऊक असावें.

आतां अनुभव पाहूं. मुळशीचें उदाहरण महाराष्ट्रास विसरतां येणार नाहीं. मुंबईस वीज देण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमापाशीं धरण बांधण्यास घेतलें. सुमारें पन्नास गांवांवर पाणी फिरणार होतें. १६ एप्रिल १९२१ रोजीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला; सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे पुढें होते, आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. सरकारनें १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठीं चालविला, आणि लढा १९२४ सालीं संपला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. तें आजही चालू आहे आणि कंपनीही भरभराटींत आहे. त्या खोऱ्यांतील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नांवावर होती. मोबदल्याची बोलणी निघतांच त्यांपैकीं पुष्कळांचा कल तडजोडीकडे झाला. भागधारकास नफा झाला, सावकारास मोबदला मिळाला, आणि कसणाऱ्याचें शेत पाण्याखालीं गेलें.

दुसरें उदाहरण दाभोळचें. एन्रॉन कंपनीच्या वीजघरास गुहागर तालुक्यांतील गांवांनीं विरोध केला; विजेचा दर परवडणार नाहीं असें जाणते लोकही सांगत होते. १९९५ सालीं करार रद्द झाला, पुढच्याच वर्षीं नवा झाला, १९९९ सालीं वीज निघूं लागली, आणि २००१ च्या मे महिन्यांत वीजमंडळानें ती घेणें बंद केलें. त्याच वर्षाच्या २ डिसेंबर रोजीं अमेरिकेंत एन्रॉननें दिवाळें काढलें. तिचें दिवाळें मुख्यतः हिशेबांतील लबाडीनें निघालें, दाभोळच्या विरोधानें नव्हे, हें खरें; तरी ऑगस्ट २००० मध्यें नव्वद डॉलरांवर गेलेला तिचा भाग एका डॉलराखालीं आला. इकडे आपल्या सरकारी बँकांचीं कर्जें अडकलीं, आणि प्रकल्पांत भाग घेऊन बसलेल्या वीजमंडळाचा, म्हणजे पर्यायानें वीज घेणाऱ्या शेतकऱ्याचाही, पैसा बुडाला.

ह्या दोहोंवरून आम्हांस एकच गोष्ट दिसते. लोक विरोध करतात म्हणून भाग बुडतोच असें नाहीं, आणि भाग चढला म्हणून न्याय झाला असेंही नाहीं. बाजारभाव नफा मोजतो. तो नफा कोणाच्या खर्चानें झाला, हें तो सांगत नाहीं. तें घेणाऱ्यानेंच विचारावें लागतें.

म्हणून आम्ही कसोटी ठेवतों ती लोकप्रियतेची नव्हे. रेल्वे, कालवे, रस्ते ह्यांपैकीं कित्येक कामें आरंभीं अप्रिय होतीं, आणि पुढें त्यांवरच आपला कापूस बाजारास गेला. कसोटी ही कीं, कामामुळें होणारें नुकसान कामाच्याच हिशेबांत धरलें आहे, कीं तें शेजारच्या शेतकऱ्याच्या पदरांत टाकून नफा दाखविला आहे? जमिनीचा मोबदला चुकता झाला काय? धुऱ्यावरून जाणारें पाणी अडून शेत चिबाडलें, तर नाली करून दिली जाते काय? शेताच्या दोन तुकड्यांत जाण्यास वाट ठेवली आहे काय? जमीन घेण्याची जबाबदारी सरकारची, हें उत्तर अर्धेंच आहे. नाली बुजविणारें यंत्र कंपनीचेंच असतें.

कोणी म्हणेल, एका शेतकऱ्यानें भाग न घेतल्यानें कोणता रस्ता थांबणार आहे? थांबणार नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु सभेंत रस्त्याविरुद्ध ठराव करावयाचा आणि घरीं येऊन त्याच रस्त्याचा भाव चढण्याची वाट पाहावयाची, असा मनुष्य शेजाऱ्याच्या न्यायासाठीं मनापासून कसा भांडेल? नुकसानभरपाई वाढली कीं त्याचाच लाभांश घटतो. मुळशीच्या सावकारांची गोष्ट आम्हीं सांगितली ती एवढ्याचसाठीं.

आमचा सल्ला थोडक्यांत असा. जमिनीच्या मोबदल्याचा पहिला हक्क जमिनीचा, विहिरीचा व कर्जफेडीचा. त्यांतून उरेल त्याचाही थोडाच अंश भागांत घालावा. नवे भाग घेण्यापूर्वीं माहितीपत्रांतील दोन प्रकरणें अवश्य वाचावींत: पैसा कोठें जाणार, आणि कंपनीवर कोणते दावे चालू आहेत. बाजारांतील पहिल्या १,००० कंपन्यांस सेबीच्या नियमानें २०२२-२३ पासून सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. पुनर्वसन चालू असलेले प्रकल्प व बाधित कुटुंबांची संख्या त्यांत नमूद करावी लागते. तो रकाना कोरा आणि गांवांत तक्रारी पुष्कळ, असें दिसल्यास तेथें पैसा घालूं नये. म्युच्युअल फंडांत पैसा असेल, तर त्याच्या भागांची यादी दरमहा प्रसिद्ध होते. तीही एकदां वाचावी.

आणि ज्यांच्याजवळ असे भाग आधींच आहेत, त्यांनीं ते घाईनें विकून हात झटकूं नयेत. एका भागाच्या मालकासही वार्षिक सभेंत प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. आपल्या गांवची बुजलेली नाली, अडलेली वाट, रखडलेला मोबदला हे प्रश्न त्यानें तेथें विचारावेत. सातबाऱ्यावर ज्याचें नांव, धुऱ्याच्या भांडणांत त्यालाच उत्तर द्यावें लागतें. कंपनीच्या मालकीसही आम्ही हाच न्याय लावतों. नफ्याचा वांटा घेणाऱ्यानें तक्रारीचाही वांटा उचलावा. तेवढी तयारी नसेल, तर तो भाग शेतकऱ्याच्या घरांत नसलेलाच बरा.