ज्यांच्यावर सिनेमा, त्यांच्यापर्यंत तो पोचतो का?

सुमित्रा भावे हे नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आमच्या महिला मंडळात मी हे विचारलं तेव्हा तीस-पस्तीस जणींत चौघींचे हात वर झाले. ‘दोघी’ टीव्हीवर पाहिलेल्या मात्र बऱ्याच निघाल्या. ‘ती मोठी बहीण मुंबईला जाते तो ना?’ असं म्हणून एकीने अख्खी गोष्टच सांगितली. सिनेमा लक्षात आहे, करणारी बाई लक्षात नाही. नट-नट्यांची नावं आपण धडाधडा घेतो, दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर येईपर्यंत पिशवी शोधायला लागतो, त्यातलंच हे.

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात गेल्या. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची बातमी येत होती, त्या गदारोळात ही बातमीही वाहून गेली. त्यांचा शेवटचा ‘दिठी’ महिन्याभराने, मे २०२१ मध्ये ओटीटीवर आला. तो प्रेक्षकांपर्यंत पोचलेला त्यांना बघायला मिळाला नाही.

मला त्यांच्याविषयी लिहावंसं वाटतं ते त्या मूळच्या आमच्या क्षेत्रातल्या म्हणून. १९४३ चा जन्म. समाजशास्त्र, राज्यशास्त्र शिकल्या, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचा अभ्यासक्रम केला, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. आकाशवाणीवर बातम्याही दिल्या. सिनेमाचं शिक्षण म्हणाल तर शून्य. ‘स्त्रीवाणी’ या संस्थेच्या कामात त्या वस्तीतल्या दलित बायकांशी बोलत होत्या, त्यांच्या आयुष्याच्या हकिगती लिहून घेत होत्या. त्याचं इंग्रजी पुस्तकही झालं. पण अडचण अशी की, जिने आपलं सगळं आयुष्य उलगडून सांगितलं तिलाच ते वाचता येईना. मग तिचं तिला परत कसं द्यायचं? या प्रश्नातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. वय बेचाळीस. पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर तेव्हापासून त्यांच्या बरोबर होते. पुढचे बहुतेक सगळे चित्रपट दोघांनी मिळूनच केले.

आम्ही समाजकार्य करणारे लोकसुद्धा सर्वेक्षणं करतो, फॉर्म भरून घेतो, अहवाल वर पाठवतो. ज्या बाईने चार वाजता चूल सोडून आपल्याला माहिती दिली, तिला त्या अहवालाचं काय झालं हे कधी कळतच नाही. सुमित्राताईंना ते खुपलं, आणि हाताशी नसलेलं साधन त्यांनी शिकून घेतलं.

आता ‘दोघी’च घ्या. १९९५ चा चित्रपट. लग्नाच्या दिवशीच नवरदेवाच्या वऱ्हाडाला अपघात होतो, तो जातो, आणि गौरी पांढऱ्या पायाची ठरते. बाप अंथरुणाला खिळतो. मामा तिला मुंबईला नेतो आणि देहविक्रीत ढकलतो. तिच्या पैशावर घर चालतं, धाकटीचं लग्न ठरतं. त्या लग्नाला गौरी घरी येते तेव्हा आईच तिला मांडवापासून लांब ठेवते. पैसा चालतो, सावली चालत नाही. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि उत्तरा बावकर यांचं काम अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मला यात सर्वांत खरी वाटते ती आई. ती दुष्ट नाही हो! गावाला घाबरलेली आहे. आपल्या घरात विधवा जावेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर आजही जी कुजबुज होते, तिच्यात ही आई बसलेली असते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो, पण मांडवात कुणाला पुढे करायचं हे शेवटी घरातल्या बायकाच ठरवतात.

पुढच्या काळात त्या आजारपणाकडे वळल्या. ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण आहे. ‘नितळ’मध्ये अंगावर कोड असलेली, शिकलेली डॉक्टर मुलगी. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे पंडित. यांत रुग्णाइतकीच सांभाळणारी बाई दिसते, हे मला विशेष वाटतं. देवराईतल्या बहिणीला संसार आहे, नवरा आहे, आणि भावाला टाकताही येत नाही. ‘अस्तु’तली मुलगी वडिलांवर चिडते, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडते. सासूसासऱ्यांचं वर्षानुवर्षं करणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. त्यांना ‘तू किती करतेस गं’ एवढंच ऐकायला मिळतं, सुट्टी कुणी देत नाही. ‘अस्तु’त हे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोच्या हाती लागतात. तिला ना त्यांची विद्वत्ता ठाऊक, ना आजाराचं नाव. ती त्यांना लेकरासारखं जेवू घालते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘कासव’ने तर २०१६ च्या चित्रपटांतून सुवर्णकमळ आणलं. आत्महत्येच्या विचारांनी घेरलेला एक तरुण, आणि स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी त्याला कोकणातल्या घरी ठेवून घेते. ती त्याला फार प्रश्न विचारत नाही. हा चित्रपट आला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे गुन्हाच होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो लागू झाला मे २०१८ मध्ये. त्यात असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षा करायची नाही असं ठरलं, आणि जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलमच ठेवलं नाही. पण गावाकडे अजूनही लोक पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खरं सांगत नाहीत. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, फुकट आहे. कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

सगळंच कौतुक करायचं असं नाही. त्यांच्या काही चित्रपटांतली माणसं जरा जास्तच शहाणं बोलतात, डॉक्टर मधूनच समजावून सांगू लागतात, आणि आपण वर्गात बसलोय असं वाटतं. आमच्या मंडळातली एक जण ‘नितळ’ बघताना म्हणाली, ‘छान आहे, पण यांच्या घरात कुणी भांडी घासताना दिसत नाही.’ मला ते पटलं. ‘एक कप च्या’ मात्र त्यांना जास्त आवडला. एसटीच्या कंडक्टरला हजारोंचं वीजबिल येतं आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. बिलाचा घोळ प्रत्येकीच्या घरी झालेला, त्यामुळे हसून हसून पुरेवाट!

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. वस्तीतल्या बाईला तिची गोष्ट परत द्यायची म्हणून जिने कॅमेरा हाती घेतला, तिचे चित्रपट त्या बाईपर्यंत पोचतात कुठे? पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सला दुपारचा एखादा खेळ, महोत्सव, पुरस्कार, आणि संपलं. आमच्या गावातली दोन्ही थिएटरं बंद पडून एकाचं मंगल कार्यालय झालं. ओटीटी म्हणजे महिन्याचे पैसे आणि मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. मराठी चित्रपट तयार करायला सरकार अनुदान देतं, ते चांगलंच. पण तो दाखवण्यासाठी तालुक्याला काय आहे? नगरपालिकांची सभागृहं वर्षातले बरेच दिवस कुलूपबंद असतात. शाळांमधून प्रोजेक्टर आले आहेत, ते शनिवारी दुपारी धूळ खातात. अनुदान घेणाऱ्या चित्रपटाने काही खेळ अशा ठिकाणी बचत गटांसाठी कमी तिकिटात करावेत, अशी अट घालणं काही अवघड नाही. महिला आणि बालकल्याणाच्या निधीतून हळदीकुंकू नि साड्यावाटप होतं, त्यातच एक खेळ बसेल.

आम्ही नगराध्यक्षांकडे तसा अर्ज दिला आहे. सोबत अठ्ठेचाळीस सह्या आहेत. पहिला चित्रपट कुठला, यावर मात्र अजून एकमत नाही. तरुण मुलींना ‘कासव’ हवाय, आणि म्हाताऱ्या म्हणतात ‘दोघी’च लावा, तो मोठ्या पडद्यावर बघायचा राहिलाय.