खानावळीचे ताट आणि आपले शेत

शेतकऱ्याने दुसऱ्याच्या पंक्तीस बसले असता ताटातील पदार्थांची केवळ चव घेऊन उठू नये, त्यांचे कूळही विचारावे, असे आमचे मत आहे. गेल्या चैत्रात मालवणास एका घरगुती खानावळीत जेवण्याचा योग आला, त्यावरून हे मत अधिकच दृढ झाले. घराच्या पुढल्या पडवीत चार मेजे मांडलेली. सासू मसाला भाजते, सून तव्यापुढे असते आणि मुलगा सकाळी रापणीवरून मासळी घेऊन येतो. आमच्या शेजारी ह्याच तालुक्यातील एक गृहस्थ जेवत होते. त्यांची उमर बोटीवरील नोकरीत गेलेली. पहिला घास घेताच ते म्हणाले, "वालपाराइसोच्या खानावळीची आठवण झाली!"

वालपाराइसो हे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे जुने बंदर होय. बोट तेथे लागली असता हे गृहस्थ टेकडीवरील एका कुटुंबाच्या खानावळीत जेवले होते. अशा स्वस्त व चवदार जागेस तिकडे 'पिकादा' म्हणतात. तेथे प्रथम 'कासुएला' आला. हा पातळ रस्सा असून त्यात मांसाचा मोठा तुकडा, अख्खा बटाटा, तांबड्या भोपळ्याची फोड आणि मक्याच्या कणसाचा तुकडा असतो. मागून खिम्यावर वाटलेल्या कोवळ्या मक्याचा थर देऊन भट्टीत भाजलेला 'पास्तेल दे चोक्लो' आला. तोंडी लावावयास कांदा, टोमॅटो, कोथिंबीर व मिरची यांची 'पेब्रे' नावाची चटणी. "जिन्नस सारे ओळखीचे, पण तिखट म्हणाल तर आपल्या मानाने काहीच नाही," असा त्यांनी अभिप्राय दिला.

जिन्नस ओळखीचे वाटले यात नवल नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, तांबडा भोपळा, रताळे, भुईमूग, पेरू, पपई, अननस ही सर्व मूळची अमेरिका खंडातील. आपल्या कातळावर उभा असलेला काजूदेखील ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ह्या किनाऱ्यावर आणला. मिरचीचे इंग्रजी नाव चिली देशावरून पडले, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे, तो शब्द मेक्सिकोतील जुन्या भाषेतला आहे. परंतु आज जगभर लावल्या जाणाऱ्या बहुतेक बटाट्यांचे मूळ मात्र दक्षिण चिलीच्या वाणांत सापडते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचीही तीच गोष्ट. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ साली चिलीहून जी रोपे फ्रान्सला नेली, त्यांचा उत्तर अमेरिकेतील जातीशी संकर होऊन आजची मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी निपजली.

ह्याच दक्षिण चिलीत चिलोए नावाचे बेट आहे. जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस व बटाटे रचून, वर रुंद पाने झाकून शिजविण्याची तिकडची 'कुरान्तो'ची रीत ऐकली, की रायगडकडील पोपटीचे स्मरण होते. तेथील शेतकरी कुटुंबांनी, विशेषतः बायकांनी, बटाट्याचे सुमारे दोनशे देशी वाण जतन केले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०११ साली तेथील शेतीस जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान्यता दिली. शेत आणि चूल यांची ताटातूट तेथे झाली नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे ती झाली आहे. त्या दिवशी आम्ही ओल्या काजूगराची उसळ मागितली, ती भिजवलेल्या सुक्या काजूची मिळाली. काजू कोठला म्हणून विचारता बाई म्हणाल्या, "तें दुकानदारासच ठाऊक." तांदूळ घाटावरच्या व्यापाऱ्याचा. मिरचीही घाटावरचीच, पण तिच्याबद्दल तक्रार नाही, तिला तिकडची हवा मानवते. खेद वाटला तो काजूचा. कारण त्याच आठवड्यात आमच्या बागेतील बी ढिगाने गोणीत भरून व्यापाऱ्यास दिले होते.

दोष खानावळीचा, असे म्हणावयास आम्ही तयार होतो. बाईंच्या उत्तराने आमचे तोंड बंद झाले. "तुम्ही लोक आज पाच शेकडा गर आणता आणि पुढे आठ दिवस फिरकत नाही. दर रोज निराळा. मी पाटीवर काय लिहू?" ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ पासून कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली. पाहुणा दारी आला. त्याचे जेवण मात्र परगावच्या गोणीतून येते, आणि आपली मळ्याची जमीन पड राहते. तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा. एका खानावळीमागे दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून हंगामापुरता करार करावा. माल किती, कोणत्या वारी व कोणत्या दराने, हे आधी कागदावर लिहावे. एकाकडे माल कमी पडला तर दुसऱ्याने भरून द्यावा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या दिवसांत कुळीथ, आठळ्या, आमसुले व परसातील भाजी यांस खानावळीत खरी मागणी असते, हे आपण विसरतो.

गावचा तांदूळ महाग पडतो, असा आक्षेप येईल. एक किलो तांदळात आठ माणसे जेवली व दर दहा रुपयांनी अधिक पडला असे धरले, तरी ताटामागे सव्वा रुपया वाढतो. तो भार खानावळीने सोसावा व बदल्यात पाटीवर गावाचे नाव लिहावे. पाहुण्यास ते वाचून संतोषच होईल.

असो. येत्या हंगामात दर दिवसाआड दोन शेकडा ओले गर ठरल्या दराने पोहोचविण्याचे प्रस्तुत लेखकाने त्या बाईंस कबूल केले आहे. शब्द पाळला गेला किंवा नाही, ते ज्येष्ठाच्या अंकात ह्याच पानावर कळवू.