लखनौमधील सशर्त पाठिंब्याचे गणित : मत अर्थसंकल्पाला, मागण्या मात्र अर्थसंकल्पाबाहेर

लखनौ : उत्तर प्रदेशात सत्ताधारी आघाडीतील लहान पक्ष सरकारच्या अर्थसंकल्पाला पाठिंबा देतात आणि त्याच वेळी आपापल्या समाजघटकाच्या प्रलंबित मागण्याही पुढे करतात. २०२७ ची विधानसभा निवडणूक समोर असताना या ‘पाठिंबा आहे, पण’ भूमिकेला वरकरणी मोठे महत्त्व आले आहे. प्रत्यक्षात तिचे वजन किती, हे तपासण्यासाठी २०२५-२६ चा अर्थसंकल्प उपयुक्त ठरतो.

अर्थमंत्री सुरेश खन्ना यांनी २० फेब्रुवारी २०२५ रोजी ८ लाख ८ हजार ७३६ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. आधीच्या वर्षापेक्षा तो ९.८ टक्क्यांनी मोठा होता. पायाभूत सुविधांना २२ टक्के, शिक्षणाला १३ टक्के, कृषी व संलग्न क्षेत्रांना ११ टक्के, तर आरोग्याला ६ टक्के वाटा देण्यात आला. तो संमत होण्याविषयी कोणालाही शंका नव्हती.

त्याचे कारण संख्याबळात आहे. ४०३ सदस्यांच्या विधानसभेत बहुमतासाठी २०२ जागा लागतात. २०२२ मध्ये भारतीय जनता पक्षाने स्वबळावर २५५ जागा जिंकल्या. अपना दल (सोनेलाल) १२, निषाद पक्ष ६, तर त्या वेळी समाजवादी पक्षासोबत लढलेले राष्ट्रीय लोकदल ८ आणि सुहेलदेव भारतीय समाज पक्ष ६ अशी इतरांची स्थिती होती. पोटनिवडणुकांनी या आकड्यांत थोडा फरक पडला. पण हे चारही पक्ष एकाच दिवशी बाहेर पडले, तरी सरकार पडत नाही.

घटनात्मक चौकटही लहान पक्षांना फारसा वाव देत नाही. राज्यघटनेच्या कलम २०३ नुसार विधानसभा अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तीत कपात करू शकते. वाढ करू शकत नाही. मतदानात ‘अटींसह होय’ असा पर्याय नसतो. त्यामुळे अटी सभागृहातील भाषणात किंवा पत्रकार परिषदेत राहतात आणि मत विनाअट पडते.

शिवाय या पक्षांच्या मुख्य मागण्यांची उत्तरे अर्थसंकल्पात नसतातच. निषाद, मल्लाह, केवट आदी जातींना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, ही निषाद पक्षाची मूळ मागणी. त्या यादीत बदल करण्याचा अधिकार कलम ३४१ नुसार केवळ संसदेला आहे. राज्य सरकारने काढलेल्या अशा अधिसूचना अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवल्या. अपना दलाच्या नेत्या व केंद्रीय राज्यमंत्री अनुप्रिया पटेल यांनी जून २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या शेऱ्याखाली राखीव पदे डावलली जात असल्याचा मुद्दा मांडला. तो भरती प्रक्रियेचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय लोकदलाचा आधार पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊस उत्पादक आहे. महाराष्ट्रात उसाचा किमान दर केंद्राच्या एफआरपीने ठरतो. उत्तर प्रदेशात राज्य सरकार स्वतंत्र दर जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामात लवकर येणाऱ्या वाणाचा दर क्विंटलला ३७० रुपयेच राहिला. ३० रुपयांची वाढ होऊन तो ४०० वर गेला ऑक्टोबर २०२५ मध्ये, अर्थसंकल्प संमत झाल्यानंतर अनेक महिन्यांनी.

महाराष्ट्राचा अनुभव याच्या उलट आहे. २०१४ च्या विधानसभेत भाजपकडे २८८ पैकी १२२ जागा होत्या आणि बहुमतासाठी ६३ आमदारांच्या शिवसेनेची गरज होती. २०१७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शिवसेनेने सत्तेत राहून कर्जमाफीसाठी आवाज उठवला. पुढे शेतकऱ्यांचा संपही झाला आणि जूनमध्ये ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. तो निर्णय एकट्या मित्रपक्षामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण सरकारला त्या पक्षाकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

लखनौत असे दुर्लक्ष परवडते, हे ओमप्रकाश राजभर यांच्या वाटचालीवरून दिसते. २०१७ मध्ये मंत्री झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच सरकारवर सातत्याने टीका केली. मे २०१९ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले आणि सरकारला धक्काही बसला नाही. २०२३ मध्ये ते आघाडीत परतले व मार्च २०२४ मध्ये पुन्हा मंत्री झाले.

मग भाजप या पक्षांना सोबत का ठेवतो? उत्तर मतपेटीत आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील भाजपच्या जागा ६२ वरून ३३ वर आल्या. कुर्मी, निषाद, राजभर व जाट समाजांतील काही टक्के मते अनेक मतदारसंघांचा निकाल फिरवू शकतात. म्हणजे लहान पक्षांची ताकद विधानसभेत नसून जागावाटपाच्या बैठकीत आहे, आणि ती निवडणुकीच्या तोंडावरच वाढते.

याची किंमत त्यांचा मतदार मोजतो. उसाचा दर एक हंगाम न वाढल्यास शेतकऱ्याचे त्या वर्षाचे उत्पन्न बुडते. पुढील वर्षीची वाढ ते भरून देत नाही. भरतीत हुकलेली संधी उमेदवाराची वयोमर्यादा उलटल्यावर परत येत नाही. मंत्रिपदही आपले आणि तक्रारही आपलीच, अशी दुहेरी भूमिका घेणाऱ्या पक्षाला जाब विचारणे मतदारालाही कठीण जाते. तो जाब २०२७ मध्ये विचारला जाईल, तेव्हा अर्थसंकल्पाच्या स्वागतापेक्षा प्रत्यक्षात पूर्ण झालेल्या मागण्यांचा हिशेब अधिक कामी येईल.